परक्याच्या ओट्यावर किती दिवस दुकान?



भाव मागायला गेले की शेतकऱ्याला उपदेश मिळतो, हा आपला जुना अनुभव. जोडधंदा करा, कोंबड्या पाळा, लग्नात खर्च कमी करा. आता त्यात नवी भर पडली आहे : 'ऑनलाइन व्हा.' साहेब सांगतो, पुढारी सांगतो आणि तालुक्याच्या गावी हॉल भाड्याने घेऊन दोन दिवसांच्या शिबिराची फी गोळा करणारा गुरुजीही सांगतो. फेसबुकवर पान काढा, इन्स्टाग्रामवर खाते काढा, यूट्यूबवर चॅनेल काढा. दहा हजार फॉलोअर झाले की ज्वारी सोन्याच्या भावाने जाईल. फॉलोअर कमी पडले तर तेही विकत मिळतात. विकत घेतलेला फॉलोअर भाकरी खात नाही, एवढे मात्र शिबिरात कोणी सांगत नाही.

आधी कापसाचे बोलू. मोबाईलवर कापसाचे कितीही देखणे फोटो टाका, पुण्याची गृहिणी पाच किलो सरकीसकट कापूस मागवणार नाही. तो जिनिंगवालाच घेणार आणि त्याचा भाव रुई-सरकीच्या बाजारावर, आयात-निर्यातीच्या धोरणावर ठरणार. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तो काही कोणाच्या रीलमुळे गेला नाही. तेव्हा कापसाच्या भावाच्या प्रश्नाला कोणी 'ऑनलाइन व्हा' असे उत्तर देत असेल, तर तो प्रश्न टाळतो आहे.

ज्वारीची गोष्ट वेगळी आहे. ती घरात दळली जाते, भाजली जाते, तिच्या बिबड्या होतात, हुरडा होतो. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव जाहीर झाला क्विंटलला ३,७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस रुपयेसुद्धा नाहीत. पदरात प्रत्यक्ष काय पडते ते तुम्हीच जाणता. शहरात गेलात तर दुकानातल्या ज्वारीच्या पिठाच्या पिशवीवर काय किंमत छापलेली असते ती एकदा स्वतः वाचून या. २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, मेजवान्यांत भाकरी आली. त्या भाकरीतला किती वाटा खळ्यापर्यंत आला?

मधला हा फरक थोडा तरी आपल्याकडे वळवायचा असेल, तर मोबाईल हे हत्यार आहे. पण हत्यार घ्यायच्या आधी हिशेब करावा. समजा, जिल्ह्याच्या गावी वीस घरे तुमच्याकडून महिन्याला दहा-दहा किलो ज्वारी घेतात. महिन्याला दोन क्विंटल, वर्षाला चोवीस. कोरडवाहूला एकरी चार-पाच क्विंटल धरले, तर पाच-सहा एकरांचे पीक वीस घरांत संपले. किलोमागे व्यापाऱ्यापेक्षा दहा रुपये जास्त पडले तर वर्षाचे चोवीस हजार. त्यातून पोती, चाळणी, वाहतूक वजा करा. वीस घरे! दहा हजार फॉलोअर कशाला हवेत? दहा हजारांनी खरेच ज्वारी मागितली तर आणायची कुठून?

वीस घरांना पुरे पडते ते व्हॉट्सअॅप. धंद्यासाठीचे त्याचे वेगळे अॅप २०१८ पासून फुकट मिळते. त्यात मालाची यादी फोटो आणि किमतीसह लावता येते. एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय आहे. एका यादीत २५६ माणसे बसतात. मात्र ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो पोचतो. म्हणून पहिल्या पिशवीबरोबर नंबर साठवून घ्यायला सांगणे हे पहिले काम. निरोपात भाव लिहा, वजन लिहा, गाडी कोणत्या वारी येणार ते लिहा. 'भावासाठी फोन करा' असे लिहिणारा अडत्यासारखा रुमालाखाली बोटे दाबतो आहे, असेच गिऱ्हाईक समजणार. आणि त्या यादीवर रोज सकाळी गुलाबाची फुले व पुढाऱ्यांचे वाढदिवस धाडू नका. लोक नंबर बंद करून टाकतात.

इन्स्टाग्राम कोणाला लागते? ज्याला गिऱ्हाईक शेतावर यायला हवे आहे त्याला. थंडीत हुरडा पार्टी करणाऱ्याने ते जरूर वापरावे, कारण शहरातली पोरे सहलीची जागा तिथे शोधतात. शेताची खूण गूगलच्या नकाशावरही लावून ठेवावी. यूट्यूबवरचा व्हिडिओ मात्र वर्षानेही शोधणाऱ्याला सापडतो, म्हणून भाकरी थापण्याचा, बिबड्या करण्याचा एखादा चांगला व्हिडिओ तिथे असू द्यावा. चारही ठिकाणी रोज काहीतरी टाकत बसायचे, तर डवरणी कोण करणार?

दूरचे गिऱ्हाईक हा दुसरा चकवा. मुंबईहून दोन किलो पिठाची मागणी आली की पोरगा हरखतो. पार्सलचा खर्च मालाच्या किमतीला खाऊन टाकतो आणि पोचेपर्यंत पिठाची विरी जाते. भाकरी तुटली की शिव्या आपल्याला. पीठ मागणी आल्यावरच दळावे, जवळच विकावे. दूर पाठवायचे तर दाणे, आणि तेही एका सोसायटीतल्या दहा घरांचे एकदम.

आता मुद्द्याची गोष्ट. हे ओटे परक्याचे आहेत. फेसबुकने २०१२ साली इन्स्टाग्राम आणि २०१४ साली व्हॉट्सअॅप विकत घेतले. तीन दुकाने, मालक एक. जानेवारी २०१८ मध्ये या मालकाने जाहीर केले की, यापुढे धंदेवाल्यांच्या पानांपेक्षा मित्र-नातेवाइकांचे आधी दाखवू. पानावर गर्दी जमवली तुम्ही, आता त्याच गर्दीपर्यंत पोचायला जाहिरातीचे पैसे मोजा! ४ ऑक्टोबर २०२१ ला तिन्ही दुकाने सुमारे सहा तास एकदम बंद पडली. २९ जून २०२० ला सरकारी हुकुमाने टिकटॉक बंद झाले आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींचे लाखो प्रेक्षक एका रात्रीत गेले. एकाधिकार खरेदीत तीन दशके एकाच दाराशी गाड्या उभ्या करून चुकाऱ्यांची वाट पाहिलेल्या कापूसवाल्याला, एकच खरेदीदार, एकच दार म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून वही. गिऱ्हाइकाचे नाव, नंबर, पत्ता, किती नेले, कधी नेले हे कागदावर असले पाहिजे. खाते बंद झाले तरी वहीवरून फोन करता येतो. आणि ती वही, तो नंबर, बँकेचे खाते घरातल्या बाईच्या नावे असू द्या. निवडणे, चाळणे, दळणे तिचे आणि हिशेब मात्र पोराच्या खिशात, हा कोणता न्याय?

ठकांपासून सावध. मोठी मागणी देतो, फौजेतला साहेब म्हणवतो आणि 'पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका' म्हणतो, तो चोर आहे. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. खाण्याचा माल पिशवीत बंद करून विकणाऱ्याने एफएसएसएआयची नोंदणीही करून घ्यावी. नाहीतर अधिकाऱ्याला आयतेच कुरण.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांनी विक्री सुरू केली आहे त्यांनी आपली वही आणावी. कोणत्या गावाची गाडी कोणत्या वारी शहरात जाते आणि एका गाडीत किती गावांची पोती बसतील, ते दुपारच्या सत्रात ठरवायचे आहे.