अडीच किलोचा हिशेब



बाळ जन्मलं की त्याला काट्यावर ठेवतात. आकडा अडीच किलोच्या खाली आला की बाईला पहिला प्रश्न, 'काही खात नव्हतीस का गं?' वस्त्यांवर काम करताना हा प्रश्न मी नर्सबाईंकडून ऐकला, सासवांकडून ऐकला, आणि आपल्या कार्यकर्त्यांकडूनही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशात वजन नोंदलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी भरली. या साऱ्या बायका काय निष्काळजी होत्या?

खाण्याचा प्रश्न आहेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात, पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या पोटात अधिक गेलं त्यांची बाळं थोराड निघाली. हे आपण शिबिरांतून सांगतो. त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मात्र सांगायचं राहून जातं. शेतात आणि घरात अंगमेहनत जास्त करणाऱ्या बायकांची बाळं हलकी भरली. गरोदर बाईच्या कार्डावर तिचं वजन असतं, रक्त असतं. तिच्या डोक्यावरचा हंडा किंवा उसाची मोळी त्यात कुठेच नसते.

हिशेब नऊ महिन्यांचाही नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून एक प्रयोग झाला. पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ बायकांना रोज दिला. दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून ज्यांना तो मिळाला, त्यांच्या बाळांत फरक दिसला. तोही सरासरी पन्नासेक ग्रॅमचा. सर्वांत कृश बायकांच्या बाळांत तो दिसलाच नाही. भावाच्या ताटात दूध आणि हिच्या ताटात उरलेली भाकरी, अशी पंधरा-वीस वर्षं गेल्यावर डोहाळजेवणाने काय भरून निघणार? त्यात महाराष्ट्रात, त्याच पाहणीनुसार, २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली.

मशेरीचं आपणच एकमेकींना बजावायला हवं. मुंबईतल्या एका अभ्यासात मशेरी-तंबाखूवाल्या बायकांची बाळं शंभरेक ग्रॅमने हलकी भरली. पण मशेरीने भूक मरते म्हणून ती लावणाऱ्या बाईला नुसतं 'सोड' म्हणून भागत नाही.

आणि शासन? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने, नोकरीत असा लाभ मिळणाऱ्या बायका वगळता, प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ साली आलेल्या मातृवंदना योजनेत ते झाले पाच हजार, तेही पहिल्याच बाळाला. २०२२ पासून दुसऱ्या वेळी सहा हजार आहेत, पण मुलगी झाली तरच. दुसरा मुलगा झाला तर त्या आईचं पोट वेगळं असतं का? कायद्यात ही अट नाही. हे तहसीलदारांना लेखी विचारा.

आणि गटाच्या वहीत गरोदर बायकांच्या नावापुढे दोन रकाने वाढवा: रोज किती हंडे पाणी, आणि कितव्या महिन्यापर्यंत मजुरी. शाळा सुटलेल्या मुलींची नावंही त्याच वहीत घ्या.