शुश्रूषेचा ताळेबंद

मुलीसाठी स्थळ पाहताना आपली माणसे जेवढी चौकशी करतात, तेवढी म्हाताऱ्या आईला ठेवायची जागा पाहताना करीत नाहीत. स्थळ पाहायचे तर शेती किती, त्यातली पाण्याखालची किती, सोसायटीचे कर्ज आहे काय, सासूचा स्वभाव कसा, हे सगळे चार गावांतून काढले जाते. आईच्या बाबतीत मात्र इमारत बघतात, फरशी बघतात, महिन्याचा आकडा विचारतात आणि अनामत भरून मोकळे होतात. यामागे बेफिकिरी आहे असे मला वाटत नाही. यामागे शरम आहे.

वाळवा तालुक्यातले आमचे आष्टा काही मोठे शहर नव्हे. उसाचा मुलूख, कृष्णेचे पाणी, आणि शिकलेली मुले पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहून लांब. मागे राहतात ती दोन म्हातारी माणसे. त्यातले एक गेले की एकच. ते एकही पडले, खुब्याचे हाड मोडले किंवा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, म्हणजे प्रश्न उभा राहतो. अशा वेळी घरच्यांना आठवते ती पहिली गोष्ट ‘लोक काय म्हणतील’ ही. मग जागा गुपचूप पाहिली जाते, गुपचूप सोडवणूक करून घेतली जाते आणि तिथला अनुभव बरा आला की वाईट, हे कोणी कोणाला सांगत नाही.

याचा परिणाम मोठा विचित्र आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या भागाला वैद्यकीची सवय आहे. कोणत्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेत कोणाकडे जावे, कोणाचा हात हलका, कोणाचे बिल जड, हे आमच्याकडे पानपट्टीवर उभा असलेला माणूसही सांगेल. पण अंथरुणावरच्या म्हातारीला कूस कुठे नीट बदलून देतात, हे विचारा. कोणालाही सांगता येणार नाही. शस्त्रक्रियेची चर्चा उजळ माथ्याने होते, शुश्रूषेची होत नाही. ज्या मालाविषयी गिऱ्हाईक बोलतच नाही, त्या मालाचा कस बाजारात ठरणार कसा?

खरे तर शुश्रूषा ही आपल्याला परकी गोष्ट नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार वृद्धांसाठी संस्था उभी राहिली ती १८६०च्या दशकात. आज ती ‘निवारा’ या नावाने ओळखली जाते. आणि आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेल्या रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केल्यावर बायकांना परिचारिकेचे शिक्षण देण्याचा उद्योग हाती घेतला. परक्याचे मलमूत्र काढणे हे घरंदाज बाईचे काम नव्हे, असे मानणाऱ्या समाजात त्यांनी हे केले. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी त्या कामाकडे पाहण्याची आपली नजर फारशी बदललेली नाही.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. कायदे आहेत. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देणारी जागा, अशी त्याची व्याख्या आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने त्याचे नियम सुधारले. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा २००७ चा. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा, असे त्यात म्हटले आहे. खाजगी निवासांना नोंदणी आणि किमान दर्जा लावू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. पण मंजूर न होताच २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली. बहुतेक वृद्धाश्रम न्यासाच्या नावाने धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. तिथे हिशेब तपासला जातो, म्हातारीची पाठ तपासली जात नाही.

माझी हयात बँकेत गेली. बँकेच्या तपासणीत एक जुना शिरस्ता आहे. तपासनीस न कळवता येतो, चहा नंतर घेतो आणि आधी तिजोरीतली रोकड मोजतो. तारीख आधी कळली तर कोणत्याही शाखेची व्हाउचरे लखलखीत सापडतात. शुश्रूषेलाही हाच नियम लावला पाहिजे. भेटीच्या वेळी, रविवारी सकाळी, दर्शनी खोलीत केस विंचरून बसवलेल्या आजींवरून काही ठरवू नये. मागच्या खोलीत, ज्यांना बोलता येत नाही आणि ज्यांना भेटायला कोणी येत नाही, त्यांच्याकडे आधी पाहावे. संस्थेची खरी रोकड तिथे असते.

पहिला प्रश्न रात्रीचा. रात्री किती जण जागे असतात? एक साधा हिशेब मांडू. अंगावर पडून जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते. अशी १२ माणसे आहेत आणि प्रत्येकाला १० मिनिटे लागतात असे धरा. १२० मिनिटे झाली, म्हणजे पुरे २ तास. रात्री एकच मावशी असेल तर तिने पहाटेपर्यंत न बसता फक्त कुशीच बदलत राहायच्या. पाणी कोण देणार? भिजलेली चादर कोण काढणार? वजनदार माणसाला उचलायला दुसरा हात कुठून येणार? या हिशेबाचे उत्तर ज्या व्यवस्थापकापाशी नाही, त्याची बाग कितीही हिरवी असो, तिथून उठावे.

दुसरे, अंग पाहावे. टाचा, माकडहाड, पाठ. पांघरूण बाजूला करून पाहायला संकोच वाटतो, पण तो आपल्या माणसाचा हक्क आहे. पाण्याचे भांडे खोलीत आहे की हाताला पोचेल असे आहे, ते पाहावे. चष्मा, कवळी आणि ऐकायचे यंत्र अंगावर आहे की कपाटात, ते पाहावे. दर महिन्याला वजन लिहितात काय, ते विचारावे. भर दुपारी सगळेच गाढ झोपलेले असतील तर औषधांची वही मागावी. ओढणीने खाटेला बांधलेला हात दिसला, किंवा केवळ चादरी कमी धुवाव्या लागाव्यात म्हणून लघवीची नळी घातलेली दिसली, तर पुढचे प्रश्न विचारायचीही गरज नाही.

तिसरे, गेल्या सहा महिन्यांत किती जण पडले, हे विचारावे. ‘आमच्याकडे कोणी पडतच नाही’ असे उत्तर आले तर सावध व्हावे. म्हातारी माणसे पडतातच. जिथे वही काढून तारीख, वेळ, डॉक्टर कधी आला आणि घरी कधी कळवले हे दाखवतात, तिथे भरवसा ठेवायला जागा आहे. बँकेतही तक्रारवही कोरी असलेली शाखा मला कधी चांगली वाटली नाही. आणि आमच्या भागापुरता आणखी एक प्रश्न: २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखे पाणी आले, तर चालता न येणाऱ्यांना कोण, कशातून आणि कुठे नेणार?

पुढारलेल्या देशांनी हे सगळे शास्त्रशुद्ध केले आहे, असे आपल्याला वाटते. ते निम्मेच खरे आहे. अमेरिकेत २००८ पासून शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे मिळू लागले. पण सेवकांची संख्या संस्था स्वतःच लिहून देत. आकडे फुगवले जातात अशी ओरड झाली, तेव्हा २०१६ पासून पगारपत्रकाच्या आधारे माहिती मागवायला सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये तपासणीसाठी स्वतंत्र आयोग आहे, तो दर्जा जाहीर करतो. तरी २०२४ मध्ये सरकारने नेमलेल्या पाहणीत, पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे तपासनीस फिरकलाच नव्हता असे आढळले. बोध एवढाच, की स्वतः लिहिलेल्या प्रगतिपुस्तकावर विश्वास ठेवू नये, आणि दुसऱ्याने लिहिलेले असेल तर त्यावरची तारीख वाचावी.

आता एक कटू गोष्ट. मावशीचा पगार किती, हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही. महिन्याचा आकडा कमी करून घेताना आपण घासाघीस करतो, ती शेवटी त्या बाईच्या पगारातून आणि झोपेतून जाते. सलग १२ तास राबून परत दुसऱ्या पाळीला थांबलेली बाई चिडली, तर तिला दुष्ट म्हणणे सोपे आहे. तिथे काम करणारी माणसे किती वर्षे टिकून आहेत, हे पाहिले तर त्या जागेचे बरेचसे मर्म कळते. जिथे दर महिन्याला नवी मावशी, तिथे आजीला रोज परक्या हाताने न्हायचे असते.

याचा अर्थ घरी ठेवले की सेवा झाली, असा मुळीच नाही. घरातही हाच ताळेबंद मांडता येतो. दिवसभर शेतात किंवा नोकरीवर राबून आलेल्या एकट्या सुनेवर सगळा भार टाकून मुलगा ‘आम्ही आईला कुठे ठेवले नाही’ असे मिरवीत असेल, तर तेही एका मावशीवर चालवलेले शुश्रूषागृहच. फरक इतकाच, की तिथे तपासायला कोणी जात नाही आणि त्या मावशीला पगारही नाही.

मग करायचे काय? विधेयक पुन्हा येईल तेव्हा येवो. तोवर गावाने करण्यासारखे आहे. आष्ट्यात आयुर्वेद महाविद्यालय आहे, निवृत्त शिक्षक आहेत, निवृत्त परिचारिका आहेत, बचत गटांच्या बायका आहेत, ज्येष्ठांचे कट्टे आहेत. यांतल्या पाच-सहा जणांची एक समिती करावी. परिसरातल्या शुश्रूषागृहांना आणि वृद्धाश्रमांना, त्यांची संमती घेऊन, महिन्यातून एकदा वेळ न सांगता भेट द्यावी. एकदा पहाटे जावे, एकदा जेवणाच्या वेळी, एकदा रात्री. काय पाहिले ते तारीख घालून लिहावे आणि कोणालाही वाचता येईल असे ठेवावे. जी संस्था चांगली आहे, ती संमती आनंदाने देईल. तिला याहून चांगली जाहिरात मिळणार नाही. जी देणार नाही, तिच्याविषयी तेवढी माहितीही पुरेशी आहे. गंभीर काही आढळले तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, जिल्हा प्रशासन आहे.

पण त्याआधी प्रत्येक घराने एक काम करायला हवे, ते म्हणजे बोलायला हवे. आईला कुठे ठेवले आहे, तिथे काय बरे आहे आणि काय वाईट, हे शेजाऱ्याला मोकळेपणाने सांगायला हवे. आईला चांगल्या हातात सोपवण्यात कमीपणा नाही. सोपवून झाल्यावर ते हात कसे आहेत हे न पाहण्यात आहे. ज्या आजींना बघायला महिनोन् महिने कोणी येत नाही, त्यांची कूस कोणी बदलली की नाही, हे आपल्या बोलण्यावरच अवलंबून आहे. कारण त्यांच्या वतीने विचारणारे दुसरे कोणी नाही.