ते आलं, ते आले

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतला 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग मी किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. दुसऱ्या सीझनमधला नववा भाग, फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेलेला. यात लढाई नाही, स्फोट नाहीत, परग्रहावरचा राक्षस नाही. आहे ती फक्त एक कोर्टकेस. तरीही या मालिकेतला सर्वांत चांगला भाग कोणता असा वाद निघाला की चाहते याचं नाव हमखास घेतात. 'यंत्राला माणसाचे हक्क असावेत का, हे फार सुंदर मांडलंय' असं म्हणतात. मांडलंय खरंच. पण गेल्या रविवारी पुन्हा पाहिला आणि वाटलं, या भागाचा खरा विषय यंत्र नाहीच. खोलीत बसलेल्या माणसाबद्दल बाकीच्यांनी परस्पर निर्णय घ्यायचा का, हा आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी (काकू, हे खास तुमच्यासाठी :) ) गोष्ट थोडक्यात सांगतो. डेटा हा एंटरप्राइज जहाजावरचा अधिकारी. दिसायला माणूस, पण आहे अँड्रॉइड, म्हणजे माणसाच्या आकाराचं यंत्र. रीतसर अकादमीतून शिकलेला, पदकं मिळवलेला. मॅडॉक्स नावाचा एक शास्त्रज्ञ येतो. त्याला डेटाला उघडून, सुटं करून, आत काय आहे ते शिकायचंय आणि मग तसे पुष्कळ डेटा बनवायचेत. डेटा त्याची योजना ऐकून घेतो, दोन-चार नेमके प्रश्न विचारतो आणि म्हणतो, तुमची तयारी पुरेशी नाही, मी येणार नाही. मग बदलीची ऑर्डर निघते. डेटा राजीनामा देतो. त्यावर मॅडॉक्सचा मुद्दा असा, की जहाजावरच्या कॉम्प्युटरने दुरुस्ती-बदल करून घ्यायला नकार दिला, तर चालवून घ्याल का? ही तर स्टारफ्लीटची मालमत्ता आहे!

प्रकरण न्यायाधीश फिलिपा लूव्हॉ यांच्यापुढे जातं. तळ नवा, माणसं कमी, त्यामुळे कॅप्टन पिकार्डने डेटाची बाजू मांडायची आणि रायकरने, म्हणजे डेटाच्याच मित्राने, विरुद्ध बाजू. रायकरने नकार दिला, तर डेटा मालमत्ता ठरून मामला तिथेच संपणार. म्हणून तो बिचारा उभा राहतो, आणि काम चोख करतो. डेटाचा हात काढून दाखवतो. शेवटी पाठीवरचं बटण दाबून त्याला बंदच करतो. डेटा टेबलावर कोसळतो. तारा तोडलेली कळसूत्री बाहुली, बस्स.

पहिल्यांदा पाहिला होता तेव्हा या जागी वाटलं होतं, संपलं, आता काय उत्तर देणार. आता वाटतं, हा काय मुद्दा झाला? ऑपरेशनच्या वेळी भूल देतात तेव्हा आपणही बंदच असतो की तीन-चार तास. त्या वेळात आपण कोणाची मालमत्ता होत नाही.

पिकार्ड हे उत्तर देत नाही. तो डेटाला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवतो आणि जाताना बॅगेत काय भरलं होतंस ते विचारतो. पदकं, पिकार्डने दिलेलं पुस्तक, आणि टाशा यार या मेलेल्या सहकारी मैत्रिणीची छोटी प्रतिमा. ती का, असं विचारल्यावर डेटा अडखळतो. त्याने तिला शब्द दिलेला असतो, सांगायचं नाही म्हणून. केस हरायची वेळ आली तरी हा दिलेला शब्द सहजासहजी मोडत नाही, टाशाची हरकत नसेल असं पिकार्डने समजावल्यावरच बोलतो! 'मला भावना आहेत' असं डेटा कोर्टात एकदाही म्हणत नाही. पुरावा काय तर बॅगेतल्या तीन वस्तू आणि एक संकोच.

पण मला सगळ्यात आवडतो तो निकाल. आत्मा म्हणजे काय, तो डेटाला आहे का, हे ठरवायची माझी पात्रता नाही, असं लूव्हॉबाई सरळ सांगतात. तो आपल्याला तरी आहे की नाही, हे त्यांना माहीत नाही. म्हणून त्या एवढंच ठरवतात, की डेटा कोणाची मालमत्ता नाही, आणि हा प्रश्न स्वतः शोधण्याचं, स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचं स्वातंत्र्य त्याला आहे.

हा भाग लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली करायच्या. ते इथे दिसतं. 'मला माहीत नाही' म्हणून त्या थांबत नाहीत. माहीत नाही, तर मग चूक झाल्यास कोणाचं नुकसान भरून न येणारं आहे, ते बघा, असा तो विचार आहे. मॅडॉक्सचं संशोधन पुढे कधीतरी होऊ शकतं. सुटा केलेला डेटा परत तसाच जोडला जाईल याची खात्री नाही.

आता घरातलं सांगतो. घरच्या मंडळींना माहीत आहे, बाकीच्यांसाठी.

आमच्या अण्णांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा वाचा गेली आणि गिळणं बंद झालं. नाकातून नळी घातली होती. अण्णा ती ओढून काढायचे. पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेव्हा पलंगाशी उभं राहून डॉक्टर आमच्याशी बोलले, "पेशंट कोऑपरेट करत नाही. हात बांधावे लागतील." पेशंट टक लावून त्यांच्याकडेच बघत होता.

प्रश्न असा होता, की नळी ओढणं हा नकार होता, की नुसतीच शरीराची प्रतिक्रिया? नाकात काहीतरी टोचतंय म्हणून हात जातो, तसं? 'हो असेल तर हात एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा' हा प्रकार करून पाहिला. कधी उत्तर जुळायचं, कधी नाही. आम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. फरक इतकाच की आम्ही तसं म्हणत होतो.

ताईचं म्हणणं, बांधा. नळी निघाली तर पोटात काही जाणार नाही, अशक्तपणा वाढेल, मग पुढे काय? ती हे रडत रडत म्हणत होती. मी म्हणत होतो, बांधू नका. दोन दिवस घरात वाद चालला. शेवटी रात्रीसाठी एक बाई ठेवली आणि दिवसा आम्ही पाळीपाळीने हात धरून बसलो. नळी आणखी दोनदा निघाली, दोनदा घातली. तीन आठवड्यांनी अण्णा मऊ भात गिळायला लागले. त्यानंतर चौदा महिने होते.

त्या वॉर्डमध्ये अण्णांशी थेट बोलणारी एकच व्यक्ती होती, साफसफाई आणि अंग पुसायला येणाऱ्या मावशी. "आजोबा, कूस बदलते हं. थंड लागंल जरा." उत्तर येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी रोज सांगून मग हात लावायच्या.

भागाच्या शेवटी एक बारीकशी जागा आहे. सुरुवातीपासून डेटाला वस्तूसारखं निर्जीव सर्वनाम वापरणारा मॅडॉक्स निकालानंतर नकळत 'तो' म्हणून जातो, आणि लूव्हॉबाई ते त्याच्या लक्षात आणून देतात. इंग्रजीत हे एका शब्दात होतं. मराठीत करून बघा, होत नाही! आपल्याकडे खुर्ची 'ती', टेबल 'ते', पंखा 'तो'. उलट तान्हं मूल 'ते', आणि कौतुकाने बोलताना मोठा माणूसही 'ते' होतो, "फार साधं माणूस हो!" आणि आदराने वडीलही 'ते'च. बाळाबद्दल "ते आलं", अण्णांबद्दल "ते आले". फरक फक्त शेवटच्या मात्रेचा. म्हणजे मराठीत माणसाची वस्तू करायला सर्वनाम उपयोगी नाही. त्यासाठी आपल्याकडे दुसरी सोय आहे. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलायचं, त्याच्याशी नाही. "पेशंट जेवला का?" "आजींना काय कळतंय आता?" मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातही हे पूर्वी सर्रास चालायचं, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन समोर उभी आणि प्रश्न तिच्या वडिलांना.

भाचा माझ्याबरोबर बघत होता. त्याने विचारलं, "मामा, मग चॅटबॉटलाही हाच न्याय लावायचा का?"

प्रश्न रास्त आहे. माझं मत असं, की माणसांनी लिहिलेल्या ढीगभर मजकुरावरून शिकलेलं यंत्र 'मला वाईट वाटलं' म्हणालं, तर तो पुरावा नाही. आपण तसंच लिहीत आलोय, ते तसंच शिकलं. पण अण्णांनंतर मी याची दुसरी बाजूही धरून असतो. बोलता येणं हा पुरावा नव्हे, तसंच बोलता न येणं हाही पुरावा नव्हे. त्यामुळे गोड बोलतं म्हणून कुठल्या ॲपला मी हक्क द्यायला निघणार नाही, आणि 'आत काहीच नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या रांगेतही उभा राहणार नाही. याच भागात गायनन पिकार्डला एका बाजूला घेऊन विचारते, असे हजारो डेटा झाले, पडतील ती कामं करायला लागले, की त्यांना काय म्हणायचं? पिकार्डला उत्तर सुचतं, गुलाम. तिचा तो प्रश्न डेटापेक्षा आपल्याबद्दल जास्त आहे. हुकूम सोडायचा, समोरच्याचा विचारच करायचा नाही, ही सवय यंत्रावर घोटली की ती तिथेच राहते असं मला वाटत नाही. रिक्षावाल्यापर्यंत, घरकामाच्या बाईंपर्यंत ती पोचतेच.

आणि एक, ताईसाठी. निकालानंतर सगळे डेटाचा विजय साजरा करायला जमतात, रायकर एकटाच दुसऱ्या खोलीत बसतो. डेटा त्याला शोधत येतो आणि सांगतो, तू विरुद्ध बाजूने उभा राहिला नसतास तर सुनावणीच झाली नसती, तुला झालेल्या त्रासामुळे मी वाचलो. आपल्या घरात त्या दोन दिवसांत 'बांधा' म्हणणारं कोणी नसतं, तर रात्रीच्या बाईंचा विचार कोणाच्याही डोक्यात आला नसता. ती दुसरी बाजू कोणीतरी मनापासून मांडावी लागते.

असो. भाग पाऊण तासाचा आहे, जमलं तर बघा. आणि पुढच्या वेळी कोणाला भेटायला दवाखान्यात गेलात, तर आधी पलंगावरच्या माणसाला विचारा, कसं वाटतंय. उत्तर आलं नाही तरी थोडं थांबा, आणि मगच बाकीच्यांशी बोला.