‘टिलर ढकलतो, मी नुसता धरतो’ हा भ्रम सोडा

“डॉक्टर, मी काही उचललंच नाही. पॉवर टिलरच ढकलत होता, मी नुसता मुठी धरून होतो.”

कोकणातल्या डोंगरउतारावरच्या गावांतून येणाऱ्या रुग्णांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता पुढचं मला आधीच ठाऊक असतं. कोणाची कंबर धरलेली असते, कोणाच्या जांघेत फुगवटा आलेला असतो, कोणाच्या पायावरून चाक गेलेलं असतं. आणि प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत असतं की काम यंत्राने केलं, आपण फक्त सोबत चाललो.

आज या समजुतीशीच मला भांडायचं आहे.

घराचं काम वरच्या आवाठात निघतं. वाट अरुंद, ट्रक खाली रस्त्यावरच थांबतो. मजूर मिळत नाहीत. मग टिलरच्या पुढे लोखंडी चौकट जोडायची, तिच्यात जांभ्याचे चिरे रचायचे आणि मागून मुठी धरून ते वर ढकलत न्यायचे. जुगाड म्हणून कौतुकही होतं. पण जरा हिशेब करू. मोठ्या टिलरचं स्वतःचं वजन ४०० किलोच्या आसपास. चौकट ५० किलो. एक चिरा ३० किलोच्या पुढे भरतो, म्हणजे १० चिऱ्यांचे ३०० किलो. एकूण ७५० किलो. वाट ५ फुटांना १ फूट चढत असेल, तर हे सगळं साधारण १५० किलोच्या जोराने खाली यायला बघतं. मातीचं घर्षण वजा केलं तरी शंभरावर उरतात. निसरड्या वाटेवर अंगातली सगळी ताकद लावूनही माणूस याच्या निम्मा रेटा फार काळ देऊ शकत नाही. इंजिन चालू आणि चाकं मातीत पकड घेत आहेत तोवर सगळं ठीक. इंजिन बंद पडलं, गिअर बदलताना न्यूट्रल आला किंवा चाक घसरलं, की ते १०० किलो थेट तुमच्याकडे. कारण चढावर ओझं वर आहे आणि तुम्ही त्याच्या खाली उभे आहात.

काही जण सांगतात, “क्लच सोडला की यंत्र थांबतं.” सपाट शेतात हे खरं आहे. चढावर क्लच सुटला की चाकांची इंजिनाशी असलेली जोडणी तुटते आणि यंत्र मागे गडगडतं. जी सवय भाताच्या खाचरात तुम्हाला वाचवते, तीच घाटीवर तुमच्या अंगावर उठते.

आता शरीराचं बघू. टिलर धरणं म्हणजे आराम नव्हे. यंत्र दगडावर अडखळलं की मुठी झटक्याने उजवीकडे-डावीकडे फिरतात आणि तुम्ही वाकलेल्या, पिळलेल्या कमरेने तो झटका झेलता. मणक्यांमधली गादी सरकायला याहून सोयीची स्थिती नाही. जोर लावताना आपण श्वास रोखतो, त्याने पोटातला दाब वाढतो, आणि जांघेत जिथे स्नायू कमकुवत असतील तिथून हर्निया डोकं वर काढतो. त्याच क्षणी रक्तदाबही उसळतो. पन्नाशी ओलांडलेल्या, बीपीची गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद केलेल्या माणसाला हे हृदयविकाराचं किंवा पक्षाघाताचं निमित्त ठरू शकतं. आणि वर्षानुवर्षं मुठींची थरथर सोसलेल्या हातांना मुंग्या, बधिरपणा येतो, पकड सैल होते. म्हणजे ज्या पकडीवर तुमचा जीव अवलंबून आहे, तीच हळूहळू जाते.

“मग काय डोक्यावरून वाहायचं का?” असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. डोक्यावरच्या ओझ्याने मानेची काय दशा होते तीही मी रोज बघतो. माझा विरोध टिलरला नाही. तो खाचरं नांगरण्यासाठी, चिखलणीसाठी बनला आहे, आणि ते काम त्याने सोपं केलं आहे. माझा राग आहे तो सपाट जागेत प्रात्यक्षिक दाखवून ‘काहीही ओढतो, काहीही ढकलतो’ असं सांगणाऱ्यांवर. सरकार या यंत्रावर अनुदान देतं, ते योग्यच. पण यंत्र हातात देताना चढ-उतारावर ते कसं वागतं हे अर्धा दिवस शिकवायला काय हरकत आहे? उतारावर ओझं यंत्राला पुढे रेटतं, तेव्हा डाव्या मुठीचा क्लच दाबला की यंत्र उजवीकडे वळू शकतं, हे किती जणांना अपघाताआधी कोणी सांगितलं?

तोवर निदान एवढं पाळा. ओझं पुढे ढकलू नका. ब्रेक असलेली ट्रॉली जोडून ओढा, तेही बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनाच्या आतच. ट्रॉलीच्या मागे रेटा द्यायला माणूस, विशेषतः पोरं, उभी करू नका. सर्वात खालचा गिअर पायथ्याशीच टाका, मध्ये बदलू नका. एका खेपेच्या दोन करा. थांबलात की चाकामागे पाचर किंवा दगड लावा, पण चाकाच्या मागे उभं राहून नव्हे, बाजूने. वाट फारच उभी असेल तर वर पक्की बांधलेली हातविंच बरी. आणि यंत्र मागे सरकू लागलं तर ते वाचवायला जाऊ नका. मुठी सोडा आणि बाजूला उडी मारा. टिलर दुरुस्त होतो.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा, हळद किंवा माती लावू नका. कंबर-मानेला मार असेल तर माणसाला उचलून बसवू नका. कंबरदुखीसोबत लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायांतली ताकद गेली, तर सकाळची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा. हर्नियाचा फुगवटा आत जात नसेल, दुखत असेल, उलट्या होत असतील, तर तेही तितकंच तातडीचं आहे. अशा वेळी मालीश करणाऱ्याकडे जाण्यात घालवलेले तास परत मिळत नाहीत.

चिरे वर न्यायला दोन दिवस जास्त लागले तर घर दोन दिवस उशिरा उभं राहील. पण ज्याच्यासाठी ते बांधताय, तो स्वतःच्या पायांनी त्याचा उंबरठा ओलांडेल.