ठरावाच्या वेळी बायका कुठे होत्या?

मी जत तालुक्याच्या पूर्व भागात काम करते हे कळलं की लोक एकच विचारतात, "ती गावं खरंच कर्नाटकात जाणार का?" तिथं पाणी किती दिवसांनी येतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी या गावांच्या ठरावाचा हवाला देऊन जतवर हक्क सांगितला आणि इकडची अस्मिता खवळली. ठराव होता 2012 च्या दुष्काळातला. भांडण मराठी-कानडीचं नव्हतंच. म्हैसाळ योजनेचं पाणी या गावांपर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच. दहा वर्षं ठरावाची कुणाला आठवण झाली नाही. पलीकडून दावा येताच विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी सुमारे दोन हजार कोटींची घोषणा झाली. त्याच डिसेंबरात नाशिकच्या सुरगाण्यातल्या गावकऱ्यांनीही सोयी मिळत नाहीत म्हणून गुजरातेत जाण्याची भाषा केली. सरकारला तहान कळत नाही, धमकी कळते!

पण धमकी देणारे कोण? एका गावात बायकांच्या बैठकीत मी विचारलं, "ठराव झाला तेव्हा तुमच्यातलं कोण होतं?" सगळ्या हसल्या. एक आजी म्हणाली, "आम्ही टँकरपाशी होतो की!"

मैत्रिणींनो, मेख इथंच आहे. म्हैसाळ ही शेतीच्या पाण्याची योजना. ती व्हायलाच हवी. पण कालवा जाणार शेताकडे आणि सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. घागरीचं पाणी वेगळं मागावं लागतं, ते मागणार कोण? बाळंतपणाचंही तेच. गेल्या वर्षी एका अडलेल्या बाईला आम्ही विजापूरला नेलं, कारण सांगलीपेक्षा ते जवळ. परतल्यावर इकडच्या एका कचेरीनं तिचे कागद नाकारले. का, तर दवाखाना दुसऱ्या राज्यातला! त्या बाईनं कळा थोपवून आधी नकाशा बघायचा होता काय?

"सीमावाद हे राजकारण्यांचं, आपण त्यात कशाला?" असं आपल्यातल्याच काही जणी म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. महाराष्ट्र 2004 पासून 865 गावांसाठी सर्वोच्च न्यायालयात भांडतो आहे. खुशाल भांडावं. पण जी गावं पदरात आहेत, तिथल्या बाईला घरात नळ आणि हाकेच्या अंतरावर नर्स देता येत नसेल, तर आणखी गावं मागायची कशाच्या जोरावर?

ग्रामसभेआधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. बऱ्याच गावांत ती रजिस्टरातच भरते, अंगठे घरपोच गोळा होतात. आपण ती खरीखुरी भरवू या. वेळ टँकरची नसेल अशी ठरवू या. पिण्याचं पाणी, उपकेंद्रात मुक्कामी नर्स, सीमेपलीकडच्या दवाखान्याचे कागद ग्राह्य, हे तीन ठराव बायकांच्या तोंडचे लिहून घेऊ या. कुठल्या राज्यात राहायचं, त्यावर मग बोलू. तेव्हाही आधी बायकांनाच विचारू.