इराणच्या बाया बिचाऱ्या?

‘इराणच्या बाया बिचाऱ्या!’ अचलपूरच्या बैठकांत हे हमखास ऐकू येतं आणि लगेच बोट वळतं ते शेजारच्या मोहल्ल्याकडे. १९३६ साली रझा शाहनं बुरख्यावर बंदी घातली. १९७९ च्या क्रांतीनंतरच्या राजवटीनं हिजाब लादला. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं? पण ८ मार्च १९७९ ला तेहरानमध्ये हजारो बाया सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. २०२२ मध्ये महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना दगावली, तेव्हा घोषणा घुमली : ‘जन, जिंदगी, आजादी’. जन म्हणजे बाई. बाकीचे दोन शब्द आणि आपल्या गावकोटाचा ‘दरवाजा’, सारे फारसीच. वऱ्हाडात ते कुणाला परके आहेत? मैत्रिणींनो, कीव पुरे, सोबत करा. आणि मोहल्ल्यातल्या बाईनं काय घालावं, तिलाच ठरवू द्या.