आधी टाकीचा तळ बघा
नागपुरात उन्हं तापू लागली की गुंडाळून ठेवलेला कूलर बाहेर येतो आणि घरात वाद सुरू होतो, दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? माझं मत विचाराल तर आधी टाकीच्या तळाला बोट लावून बघा. पंप बंद पडला, ताट्यांमधलं वूडवूल कुजलं, मोटर जळली, तर हळहळण्यासारखं काही नाही. ताट्या तशाही बदलाव्याच लागतात आणि मोटर रिवाइंड करून मिळते. पण तळाच्या पत्र्याचीच चाळण झाली असेल, तर डांबर फासून एखादा उन्हाळा निघतो, दुसरा नाही. (बोअरचं क्षारांचं पाणी वापरणाऱ्यांवर ही वेळ लवकर येते.) फायबरचा कूलर गंजत नाही हे खरं, मात्र उन्हात राहून तडकतो. ‘त्यापेक्षा एसीच घ्या’ म्हणणारा मेहुणा प्रत्येक घरात असतो. त्याला सांगावं की कूलर साधारण 200 वॅट खातो, दीड टनाचा एसी 1500च्या आसपास. शिवाय विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं, म्हणून कूलर इथे खरंच गारवा देतो. मुंबईच्या दमट हवेत तो नुसता चिकचिकाट करतो. पाऊस सुरू झाल्यावर नागपुरातही तेच होतं, तेव्हा मेहुण्याचं थोडं ऐकावं.